दुहेरी नागरिकत्वाचं बिल आलंय म्हणे, मग ओथ पुढे ढकलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही न्यू जर्सीत राहता, अमेरिकन सिटिझनशिपची ओथ, म्हणजे शपथ, पुढच्या महिन्यात आहे, आणि फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टाकलंय की लोकसभेत दुहेरी नागरिकत्वाचं बिल मांडलं गेलं, तर असं बिल पास होऊन लागू व्हायला साधारण किती महिने लागतात आणि तोवर ओथ पुढे ढकलावी का. शिवाय जाता जाता उल्हासनगरच्या मित्राच्या काकांबद्दल विचारलंय, ते शेवटी घेते.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. ढकलू नका. मी पासपोर्ट, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओव्हरसीज सिटिझनचं कार्ड) आणि नागरिकत्वाच्या केसेस करते आणि "बिल आलंय" एवढ्या बातमीवर लोक आयुष्यातले निर्णय अडवून ठेवताना बघते, प्रकार सगळा बाजारात तुरी असा. बिल मांडलं गेल्याची तारीख ही या अख्ख्या प्रवासातली सगळ्यात कमी महत्त्वाची तारीख आहे, आणि ज्या तारखेने तुमच्या हातात खरंच काहीतरी पडतं ती तारीख पेपरात बहुतेक वेळा आतल्या पानावर येते.

पहिली गोष्ट म्हणजे बिल कोणी मांडलं ते बघा. ग्रुपवर जी पीडीएफ फिरते तिच्या शेवटी "उद्देश आणि कारणे" असं एक पान असतं आणि त्याच्याखाली नाव असतं. ते नाव मंत्र्याचं नसेल, साध्या खासदाराचं असेल, तर ते अशासकीय विधेयक, म्हणजे प्रायव्हेट मेंबर बिल. लोकसभेत शुक्रवारी दुपारचे अडीच तास यांच्यासाठी राखीव असतात, त्यात मांडली जाणारी बिलं ढीगभर, चर्चेला येणारी मोजकी, कुठलं आधी घ्यायचं यासाठी बॅलट, म्हणजे चिठ्ठी, निघतं, आणि चर्चा झालीच तर शेवटी मंत्री उठून सांगतात की सरकार या विषयाचा विचार करतंय, माननीय सदस्यांनी बिल मागे घ्यावं, आणि सदस्य ते मागे घेतात. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी फक्त १४ बिलं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० साली. २०१५ मध्ये तिरुची सिवा यांचं ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचं बिल राज्यसभेने पास केलं तेव्हा केवढं कौतुक झालं, पण लोकसभेत ते पुढे गेलंच नाही. अशी बिलं निरुपयोगी असतात असं माझं म्हणणं नाही, विषय चर्चेत राहतो आणि मंत्रालयाला लेखी भूमिका घ्यावी लागते, पण त्यावर ओथची तारीख ठरवायची नसते.

नाव गृहमंत्र्यांचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. नागरिकत्व हा संघसूचीतला विषय, सतराव्या क्रमांकाची नोंद, म्हणजे कायदा फक्त संसद करू शकते, महाराष्ट्र विधानसभा किंवा केरळ विधानसभा नाही. केरळने ३१ डिसेंबर २०१९ ला सीएएविरोधात, म्हणजे २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात, ठराव केला होता, त्याला राजकीय वजन होतं, कायदेशीर शून्य. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते, नागरिकत्वाचा कायदा बदलायला घटनादुरुस्तीची गरज नसते. घटनेच्या अकराव्या अनुच्छेदाने संसदेला पूर्ण मोकळीक दिलीय, साध्या बहुमतात काम होतं. घटनेतला नववा अनुच्छेद दाखवून "दुहेरी नागरिकत्व घटनेतच बसत नाही" असं सांगणारे भेटतात, पण तो घटना लागू होण्याआधी परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांबद्दल आहे. तुम्हाला आडवं येणारं कलम आहे १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातलं कलम ९, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं असं सांगणारं. म्हणजे अडचण संसदेतल्या मतांच्या आकड्यांची नाही, तशी इच्छा आजवर कुठल्याच सरकारची दिसलेली नाही.

आता सरकारी बिल कसं जातं हे उदाहरणावरूनच बघू, आणि सीएएपेक्षा चांगलं उदाहरण नाही. कायदा चांगला की वाईट हा वाद मी इथे उकरत नाहीये, फक्त त्याचा प्रवास बघा कारण त्यात जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर काय काय होऊ शकतं ते दिसतं.

पहिलं बिल आलं १९ जुलै २०१६ ला, लोकसभेत. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या सहा समाजांच्या (हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन) लोकांना बेकायदेशीर स्थलांतरित धरायचं नाही आणि नॅचरलायझेशनची, म्हणजे इथे राहून नागरिकत्व मिळवण्याची, ११ वर्षांची अट ६ वर आणायची असं त्यात होतं. ऑगस्टमध्ये ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समिती म्हटलं की लोकांना वाटतं फाइल कपाटात गेली, तसं होतंही, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत या समितीचा रिपोर्ट यायला ७ जानेवारी २०१९ उजाडलं. पण वाचायला सगळ्यात उपयोगी कागद कुठला म्हणाल तर हाच. आयबीने, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याने, समितीला सांगितलं होतं की लगेच फायदा होईल असे ३१,३१३ लोक आहेत, हा आकडा पुढे सगळ्या टीव्ही चर्चांमध्ये फिरला तो या रिपोर्टातून आलेला. ज्या सदस्यांना पटलं नाही त्यांच्या विरोधी नोंदीही मागे जोडलेल्या असतात, आणि पुढे कोर्टात कुठले मुद्दे येणार याचा अंदाज त्या वाचून बराच येतो.

रिपोर्ट आला सात तारखेला आणि आठ तारखेला लोकसभेने बिल पास केलं. अडीच वर्षं थांबलेली गाडी एका दिवसात सुटली. पण राज्यसभेत ते घेतलंच गेलं नाही, आणि मे महिन्यात निवडणूक होऊन सोळावी लोकसभा विसर्जित झाली की बिल खलास. इथे एक नियम लक्षात ठेवा, घटनेच्या १०७ व्या अनुच्छेदात आहे: लोकसभेत पडून असलेलं किंवा लोकसभेने पास करून राज्यसभेत अडकलेलं बिल लोकसभा विसर्जित झाली की बारगळतं, पण जे राज्यसभेत मांडलंय आणि लोकसभेने अजून पास केलेलं नाही ते जिवंत राहतं. म्हणून "लोकसभेत पास झालं" ही बातमी निवडणुकीच्या वर्षात आली तर तिच्यावर फार भरवसा ठेवू नये.

मग डिसेंबर २०१९. चार तारखेला कॅबिनेट मंजुरी, नऊ तारखेला लोकसभेत नवीन बिल, नंबर ३७० (योगायोग असेल, पण गंमत वाटली होती). बिल मांडायला सहसा कोणी विरोध करत नाही, तशी पद्धत आहे, इथे मात्र मांडू द्यायचं का यावरच मतविभागणी झाली आणि २९३ विरुद्ध ८२ ने ते मांडलं गेलं. त्याच दिवशी चर्चा, दुरुस्त्या, क्लॉज बाय क्लॉज मतदान, आणि मध्यरात्र उलटल्यावर ३११ विरुद्ध ८० ने पास. ११ तारखेला राज्यसभा. तिथे सिलेक्ट कमिटीकडे पाठवायची मागणी ९९ विरुद्ध १२४ ने पडली आणि बिल १२५ विरुद्ध १०५ ने पास झालं. आपल्याकडच्या लोकांना आठवत असेल, शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला, तेव्हा मुंबईत नवीन सरकार येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. १२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि २०१९ चा ४७ वा कायदा झाला. म्हणजे आधीच्या बिलाने जे अडीच-तीन वर्षांत गाठलं नाही ते या बिलाने तीन दिवसांत गाठलं, तेव्हा "किती महिने लागतात" या तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर का नाही ते यावरून कळेल. आकडे हातात असतील आणि मनावर घेतलं तर तीन दिवस, नाहीतर कितीही.

आणि २०१६ चं बिल न् २०१९ चं बिल शेजारी ठेवून वाचा, एकच नाही हे लक्षात येईल. ६ वर्षांचं ५ झालं, भारतात येण्याची कटऑफ तारीख ३१ डिसेंबर २०१४ कायद्यातच आली, ईशान्येतल्या विरोधामुळे सहाव्या अनुसूचीतले आदिवासी भाग आणि इनर लाइन परमिटचे (बाहेरच्यांना जायला परवाना लागतो असे) भाग वगळले गेले. ओसीआयवाल्यांसाठी त्यात एक गोष्ट होती जी कोणाच्या लक्षातच आली नाही. २०१६ च्या बिलात कुठलाही कायदा मोडला तरी ओसीआय रद्द करता येईल असं होतं, अगदी ट्रॅफिकचा नियमसुद्धा त्यात बसला असता, ते नंतर "सरकार नोटिफाय करेल ते कायदे" असं झालं आणि रद्द करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यायची हेही आलं. समितीत बिल जाण्याचा फायदा म्हणतात तो हा.

आता सही झाली, पेढे वाटले, पुढे काय? घोडं पेंड खातं ते इथे. कायद्याचं पहिलंच कलम उघडा, दुसरं पोटकलम, तिथे लिहिलेलं असतं की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल त्या तारखेपासून हा कायदा अंमलात येईल. ही एक ओळ वाचल्याशिवाय मी कुठल्याही क्लायंटला काहीही सांगत नाही. सीएए अंमलात आला १० जानेवारी २०२० ला, म्हणजे महिन्याभरात, तेही लवकरच. पण अर्ज कोणाकडे करायचा, कुठले कागद लावायचे, फॉर्म कुठला, हे सगळं नियमांमध्ये येतं आणि नियम नव्हतेच. संसदीय कामकाजाच्या मॅन्युअलप्रमाणे ते सहा महिन्यांत यायला हवेत किंवा दोन्ही सभागृहांच्या संबंधित समित्यांकडून मुदत वाढवून घ्यायला हवी, तर गृहमंत्रालय मुदत वाढवून घेत राहिलं, एकदा दोनदा नाही, अनेकदा, आणि नियम आले ११ मार्च २०२४ ला. चार वर्षं कायदा लागू होता आणि भरायला फॉर्म नव्हता. या काळात लोक माझ्याकडे कात्रणं घेऊन यायचे, की मॅडम कायदा तर लागू झालाय. लागू झालाय, पण अर्ज कोणत्या खिडकीवर देणार? पहिली प्रमाणपत्रं दिली गेली १५ मे २०२४ ला दिल्लीत, १४ जणांना.

ते नियम वाचण्यासारखे आहेत. नागरिकत्वाचे अर्ज एरवी कलेक्टरकडून जातात, इथे जिल्हा समितीच्या डोक्यावर पोस्टाचे सुपरिंटेंडेंट बसवले, राज्याच्या समितीवर जनगणना खात्याचे डायरेक्टर, आणि जिल्हा समितीला बोलवायच्या निमंत्रितांमध्ये नायब तहसीलदाराच्या दर्जाच्या माणसाबरोबर चक्क रेल्वेचे स्टेशनमास्तर. हसू येतं, पण माझ्या मते कारण उघड आहे, काही राज्यांनी आम्ही राबवणार नाही म्हटलं होतं, आणि कलेक्टर राज्याच्या हाताखाली काम करतो, पोस्ट, जनगणना न् रेल्वे मात्र केंद्राची. संसदेत सात-आठ तास जी चर्चा झाली त्यात हे कुठेच नव्हतं, आणि अर्जदाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच. नियम नंतर संसदेपुढे ठेवले जातात, ३० दिवस, खासदार बदल सुचवू शकतात, पण प्रत्यक्षात त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आता तुमच्या मूळ विषयाकडे, दुहेरी नागरिकत्व. हे आधी एकदा येऊन गेलंय आणि त्याचं काय झालं ते बघा. २००० साली एल. एम. सिंघवींची समिती नेमली, जानेवारी २००२ मध्ये तिचा रिपोर्ट आला की काही देशांतल्या भारतीय वंशाच्या लोकांना दुहेरी नागरिकत्व द्या, ९ जानेवारी २००३ ला पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला वाजपेयींनी तशी घोषणा केली, टाळ्या पडल्या. त्याच वर्षी बिल आलं, डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांत पास, जानेवारी २००४ मध्ये राष्ट्रपतींची सही, आणि लागू झालं ३ डिसेंबर २००४ ला. त्यातून बाहेर आलं काय तर ओव्हरसीज सिटिझनशिप, यादीतल्या १६ देशांपुरती. मग २००५ मध्ये अध्यादेश काढून ती यादी गेली आणि पाकिस्तान-बांगलादेश सोडून सगळ्यांना खुलं झालं, पहिली कार्डं हातात पडली ती जानेवारी २००६ मध्ये हैदराबादला. घोषणेपासून कार्डापर्यंत तीन वर्षं, आणि तेही दुहेरी नागरिकत्व नाहीच, मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा तुमच्या ग्रुपवरचं बिल समजा उद्या सरकारने उचललंच, तरी ज्या रूपात मांडलंय त्याच रूपात बाहेर येईल असं धरून चालू नका.

अध्यादेशाचा उल्लेख आलाच आहे तर, अधिवेशन चालू नसेल आणि सरकारला घाई असेल तर हा रस्ता असतो. ६ जानेवारी २०१५ ला, गांधीनगरच्या प्रवासी भारतीय दिवसाच्या आदल्या दिवशी, पीआयओ (भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं आधीचं कार्ड) आणि ओसीआय एकत्र करणारा अध्यादेश असाच निघाला आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने तो उचलला नाही तर तो संपतो, एवढं लक्षात ठेवा.

आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्यासारख्यांच्या आयुष्यात फरक पाडणारे बदल बहुतेक वेळा बिलाने येतच नाहीत. ओसीआयवाल्यांना पत्रकारिता, रिसर्च, गिर्यारोहण यासाठी परवानगी लागेल हे मार्च २०२१ मध्ये राजपत्रातल्या अधिसूचनेने आलं. वर सांगितलं ना की ओसीआय रद्द करण्याचं कलम २०१९ मध्ये बदललं, तर दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, किंवा सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात चार्जशीट झाली तर ओसीआय जाऊ शकतं, हे ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचनेने आलं, संसदेत एक शब्द न बोलता. गोव्याचं बघा, १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते, ती केली आणि भारतीय पासपोर्ट सरेंडर करण्याऐवजी सरकारनेच रद्द केला असेल तर सरेंडर सर्टिफिकेट मिळत नाही आणि त्याशिवाय ओसीआय नाही, कित्येक घरं त्यात अडकली होती. सुटका कशी झाली? २०२४ मध्ये मंत्रालयाच्या एका मेमोरँडमने, की रद्द केल्याचं सर्टिफिकेटही चालेल. म्हणून मी सांगते, संसदेच्या साइटवर बिलाचं स्टेटस बघा जरूर, पण ई-गॅझेट (राजपत्राची साइट) आणि गृहमंत्रालयाच्या फॉरेनर्स डिव्हिजनचं पान त्याहून जास्त वेळा बघा.

तुमच्यासाठी व्यवहार एवढाच: ओथ घ्या. त्या क्षणी कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, तुम्ही कागद भरा न भरा. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास अजिबात करायचा नाही, "अजून दोन वर्षं व्हॅलिड आहे" म्हणून तर नाहीच, तो गुन्हा आहे. पासपोर्ट सरेंडर करून सर्टिफिकेट घ्या, जपून ठेवा, मग ओसीआयचा अर्ज. दिवाळीची तिकिटं काढली असतील तर या सगळ्याचा वेळ धरून काढा.

आता काका. तुम्ही लिहिलंय की ते सिंधमधून २०१६ साली व्हिसावर आले, लाँग टर्म व्हिसावर आहेत, आणि त्यांना कोणीतरी सांगितलंय की सीएएची तारीख आता २०२४ झाली. नाही झाली. झालं असं की नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि त्याखालच्या आदेशात त्याच तीन देशांतल्या त्याच सहा समाजांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या लोकांना पासपोर्ट-व्हिसा नसला तरी कारवाईतून सूट दिली. ती राहण्यापुरती सूट. नागरिकत्वाची सीएएतली तारीख ३१ डिसेंबर २०१४ च आहे, ती बदलायला संसदेत बिलच लागेल.

पण काकांना सीएएची गरजच नाही बहुधा. ते कायदेशीर व्हिसावर आलेत, आणि त्यांचे आई-वडील, निदान एक जण, अखंड भारतात जन्मले असतील तर ते कायद्याच्या भाषेत भारतीय वंशाचे, कलम ५ खाली सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणीचा अर्ज करता येतो, अर्जाआधीचे बारा महिने सलग इथे हवेत. डिसेंबर २०१६ मध्ये एका अधिसूचनेने देशातल्या १६ जिल्ह्यांच्या कलेक्टरना या तीन देशांतल्या सहा समाजांचे असे अर्ज निकाली काढायचे अधिकार दिले गेले, त्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि ठाणे आहेत, म्हणजे उल्हासनगरवाल्यांना दिल्लीला खेटे घालायला नकोत. हेही बिलाशिवाय झालेलं. त्यांना पासपोर्ट आणि व्हिसाच्या मुदती तपासायला सांगा, मध्ये खंड पडलेला नको, आणि वडिलांचा किंवा आईचा जन्म फाळणीआधी सिंधमध्ये झाल्याचा कागद आत्तापासून शोधायला लागा, शाळेचा दाखला, जुना पासपोर्ट, काहीही. अशा फाइलींमध्ये सगळ्यात जास्त वेळ त्याच कागदाला जातो.